धाकट्याच्या नावावर

औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत मागून कोणीतरी त्याच्या कोटाची बाही ओढली आणि म्हणालं, "साहेब, तुम्हीच ना?" थोरल्याने वळून पाहिलं. साठीच्या आसपासची एक बाई होती. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून पारदर्शक नळीचं वेटोळं डोकावत होतं. त्याने तिला जन्मात पाहिलं नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला होता तो मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि तो कोणासाठी पडतो हेही त्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. दोघा भावांचं नाक एक, मध्ये जुळलेल्या भुवया एक, डावा खांदा पाडून चालण्याची ढब एक. लोक फसायचे. फसले की थोरला, छापखान्यात मुद्रितं तपासताना समासात खूण करावी तसा, कोरड्या आवाजात सांगायचा, "तो धाकटा. मी थोरला." आजही ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण बाई थांबायलाच तयार नव्हती. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून माझा माणूस घरी आला." पुढचा गृहस्थ वळून पाहू लागला आणि बाजूला सरून म्हणाला, तुम्ही घ्या आधी. त्र्याहत्तर वर्षांत थोरल्याला कोणत्याही रांगेत कोणी पुढे जाऊ दिलं नव्हतं. जिभेवरचं वाक्य त्याने आवंढ्याबरोबर गिळलं. धाकट्याला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

तिला ते माहीत नव्हतं, एवढं उघड होतं. तिने धाकट्याला पाहिलं होतं तेही काचेतून, तोंडावर मास्क असताना, दीड वर्षापूर्वी, तिचा नवरा इस्पितळात चाळीस दिवस श्वासाच्या यंत्रावर होता तेव्हा. डोळे आणि भुवया एवढंच तिच्या लक्षात राहिलेलं, आणि हा तपकिरी कोट. कोट खरोखरच धाकट्याचा होता. दहाव्या-बाराव्या दिवशी धाकट्याची बायको तो घडी घालून घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तुम्हीच घाला. दुसऱ्या कोणाला बसायचा नाही." तो बसला, इतका नेमका की थोरल्याला राग आला. माणूस गेला तरी माप सोडून गेला. थंडी होती, स्वतःचा कोट कोपरावर विरला होता, म्हणून घातला एवढंच. आता त्या कोटाच्या आत उभं राहून त्याने विचारलं, "कसे आहेत ते?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. इतक्या मऊ आवाजात तो कोणाशी बोलत नसे.

बाई सांगत राहिली. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, सकाळपासून मध्येच शिट्टी मारतंय, पिवळा दिवा लागतोय. मशीनवाल्या कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला. तिला वाटलं नळीत दोष असेल, म्हणून शेजारणीला बसवून जुन्या तुकड्याच्या मापाची नवी नळी न्यायला आली, तर साक्षात तुम्हीच भेटलात. पलीकडच्या गल्लीत घर आहे, पाच मिनिटं याल का? इथे बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात तसंही काही झालं नव्हतं. जीभ मोकळी होती, आणि तीच म्हणाली, "चला."

तिच्या मागून चालताना त्याने स्वतःला समजावलं, दारातूनच परत फिरू. जिना चढेपर्यंत सांगून टाकू. पण खरं सांगायचं तर त्याला ती पाच मिनिटं हवी होती. नुसती चव घ्यायची होती. आयुष्यभर एखाद्याच्या ताटातला घास बघत बसावं आणि एक दिवस तो माणूस उठून गेलेला दिसावा, तसं झालं होतं. पाच मिनिटं धाकटा होऊन बघायचं, कसं लागतं ते. आणि मनातल्या मनात तो हिशेबही जुळवत होता की यात आपण कोणाचं काय काढून घेतोय? जे घेतोय ते मुळात आपलंच होतं. सैन्यात भरती व्हायचं वेड कोणाचं होतं? थोरल्याचं. अठराव्या वर्षी पहाटे धावायला कोण जायचं? थोरला. भरतीच्या दिवशी धाकटा आला होता तो सोबत म्हणून, डबा धरायला. वय भरून महिनासुद्धा झाला नव्हता त्याला. डॉक्टरने थोरल्याला ओल्या पायांनी सिमेंटच्या फरशीवर चालायला लावलं आणि फरशीवर उमटलेल्या ठशांकडे बघून म्हटलं, सपाट आहेत, नापास. मग बाकावर डबा घेऊन बसलेल्या पोराकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? धाकटा उठला, चालला, आणि त्याच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले, मध्ये छान कमान असलेले. परत येताना बसमध्ये धाकटा रडत होता. "दादा, मी नाही जात, तू सांग घरी," म्हणत होता. थोरल्याने मोठेपणाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, वेडा आहेस का, जा. तो हात ठेवतानाच त्याच्या पोटात जे काही पेटलं ते नंतर कधी पुरतं विझलं नाही. वर राख धरली एवढंच.

धाकटा युद्धावर गेला. आघाडीमागच्या तंबूतल्या इस्पितळात जनित्रं आणि यंत्रं चालू ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. एकदा शस्त्रक्रिया चालू असताना जनित्राचा पट्टा सुटला, त्याने तो चालत्या चाकावर हाताने चढवला, दिवे लागले, आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पट्ट्याबरोबर गेली. हे त्याने घरी एकदाच सांगितलं, तेही हसत, जणू बसमध्ये छत्री विसरून आलो. पदक मिळालं ते त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं. लोकांना वाटायचं बोटं गोळीने गेली, आणि कोणी तसं म्हणालं की थोरला सहज आवाजात दुरुस्त करायचा, "गोळीने नाही हो. पट्ट्यात अडकली." दुरुस्ती खरीच होती. छापखान्यात चाळीस वर्षं त्याने खऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या. पण ती करताना जिभेला जी गोडी यायची ती शुद्धलेखनाची नव्हती, हे त्याला त्याही वेळी कळत होतं.

युद्ध संपलं आणि वाटलं, संपलं. आता हा आपल्यासारखाच कुठेतरी चिकटेल, पोट सुटेल, बायकोवर ओरडेल. पण धाकटा मोठ्या इस्पितळात यंत्रांचा इंजिनियर झाला, इतका की निवृत्तीनंतरही इस्पितळाने त्याला सोडलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे घरचा माणूस झाला. संध्याकाळी साडेसहाला त्याची किल्ली दारात फिरायची. रविवारी मुलींचे शाळेचे कपडे तो इस्त्री करायचा, तीन बोटांनी कॉलर धरून. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिला स्वतःहून घरी आणलं, इस्पितळातल्या मोडीत निघालेल्या लोखंडी खाटेचा दांडा आणून तिच्या खाटेला बसवला. म्हातारी अकरा वर्षं तो दांडा धरून उठून बसायची आणि येईल त्याला जावयाचं कौतुक ऐकवायची. थोरल्याची बायको त्या घरून आली की नळाला फडकं गुंडाळताना एवढंच म्हणायची, "भावजींकडे एकही नळ गळत नाही." टोमणा नसायचा तो. टोमणा असता तर भांडता आलं असतं. सरळ माणसाचा मत्सर करण्यात हीच मोठी अडचण असते. तो भांडणालासुद्धा काही ठेवत नाही. थोरल्याने त्याच्यात चूक शोधली, पेशाच तो होता. पण ओळीमागून ओळी बोट ठेवून वाचल्या तरी एक काना-मात्रा इकडची तिकडे सापडली नाही.

आणि मग मुलगा. एकुलता एक. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून रविवार आला की काकाकडे पळायचा. पंखे, रेडिओ, रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं, दोघं फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे. थोरला त्याला बोलवायला गेला की दारातून ती दोन डोकी दिसायची, एकमेकांना लागलेली, आणि त्यांना त्याच्या येण्याचा पत्ताही नसायचा. वर्तमानपत्र छापून आल्यावर सापडलेल्या चुका दाखवाव्या म्हणून तो मुलाला कधी जवळ बसवायचा, तर पोरगा पाच मिनिटांत त्याच कागदाचं विमान करायचा. मोठा होऊन त्याने काकाचाच पेशा धरला. परगावी एका इस्पितळात यंत्रं सांभाळतो. बापाला महिन्याला एक फोन, काकाला आठवड्याला दोन, हे थोरल्याला धाकट्याच्या बायकोकडून कळायचं, आणि ती ते आनंदाने सांगायची, बिचारी.

या सगळ्याच्या तळाशी एक कागद होता. तो त्याने कोणाला दाखवला नव्हता. बायको शेवटी अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. घशात नळी, बोलता येत नव्हतं, म्हणून परिचारिकेने उशाशी कागद-पेन्सिल ठेवली होती. थोरला सकाळपासून तिच्याजवळ बसलेला. तिने खूण केली, त्याने कागद धरला, तिने मोठ्या कष्टाने दोन शब्द लिहिले. भावजी कुठ. त्याच्या डोळ्यांना आधी दिसलं ते एवढंच, की 'कुठे'वरची मात्रा राहिलीय. अर्थ त्यानंतर पोहोचला. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. धाकटा आला की यंत्राचा आवाज बदलायचा, तिला हायसं वाटायचं, कोणीही समजून घेतलं असतं. थोरल्यालाही समजत होतं. समजूनही बायकोच्या शेवटच्या लिहिण्यात आपलं नाव नाही, हे त्याला सहा वर्षं पुरलं होतं.

"इकडून साहेब, दुसरा मजला," बाई म्हणाली.

जिना चढून होईपर्यंत सांगायचं होतं ते राहिलंच. आत एकच मोठी खोली होती, खिडकीपाशी खाट, खाटेवर उशा रचून बसवलेला एक बारकासा माणूस, नाकात नळी. शेजारीण उठून गेली. कोपऱ्यात पडद्याआड ते मशीन गुरगुरत होतं, गुडघ्याएवढं, आणि दर काही क्षणांनी बारीक शिट्टी मारत होतं. बाई खाटेजवळ जाऊन जवळजवळ ओरडलीच, "अहो, बघा कोण आलंय. तुमचे इंजिनियरसाहेब." खाटेवरच्या माणसाने मान वळवली. त्याचे डोळे थोरल्याच्या चेहऱ्यावर थांबले, मग खाली सरकले, बराच वेळ खालीच राहिले, आणि परत वर आले. बोलण्याइतका दम त्याला नसावा. ओठांच्या कडा पेन्सिलने गिरवल्यासारख्या निळसर दिसत होत्या.

थोरला मशीनसमोर गुडघ्यांवर बसला. धाकटा असाच बसायचा. त्याने कान लावला, धाकटा लावायचा तसा. झाकणावर दोनदा टिचकी मारली. मशीनने शिट्टी मारली. त्याने गंभीरपणे मान हलवली, आणि त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपण धाकट्याच्या सगळ्या हालचाली करू शकतो, आणि धाकट्याला जे येत होतं त्यातलं काहीच आपल्याला येत नाही. मागून बाई हळूच म्हणाली, "सकाळी नव्वद होता. आता सत्त्याऐंशी दाखवतोय." नवऱ्याच्या बोटावर चिमट्यासारखा ऑक्सिमीटर होता. थोडा वेळ गेला. "पंच्याऐंशी," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, हेच भयंकर होतं. ती नुसती आकडा कळवत होती, कारण आता साहेब आले होते.

नाटक कितीही रंगलं तरी खाटेवरचा माणूस खरा होता. "चष्मा राहिला घरी," तो म्हणाला, "मुलाला विचारतो जरा." चष्मा कोटाच्या खिशात होता. त्याने फोन लावला. मुलाने दुसऱ्या घंटीला उचलला, कारण बाप या वेळी कधीच फोन करत नसे.

"बाबा? काय झालं?"

"ऑक्सिजनचं मशीन आहे घरातलं. शिट्टी वाजतेय, पिवळा दिवा आहे. काय करू?"

"कोणाला लावलंय? तुम्ही कुठे आहात?"

"ते नंतर. काय करू सांग."

मग मुलाचा आवाज आला तो निराळाच, सावकाश, खालच्या पट्टीतला. "मशीन सोडा. आधी माणूस बघा. ओठ कसे आहेत?"

हा आवाज मुलाचा नव्हता. शब्दांमधली जागासुद्धा धाकट्याची होती. बायकोच्या खाटेशी उभा राहून धाकटा परिचारिकांना अशाच आवाजात सांगायचा, मशीन नंतर, आधी माणूस. तेवीस दिवसांपूर्वी ज्याला पोहोचवून आलो तो माणूस आपल्याच पोराच्या गळ्यात बसलाय, आणि तिथे आपल्यासाठी टीचभरही जागा उरलेली नाही, असं थोरल्याला वाटलं. वाटलं, आणि त्याच वेळी तोंडाने तो सांगत होता, निळसर आहेत. पंच्याऐंशी. हो, छोटा सिलिंडर आहे घरात, बाई दाखवतायत. मुलगा एकेक पायरी सांगत गेला. सिलिंडरची किल्ली उलटी नको, डावीकडे, सावकाश. नळी मशीनवरून काढून तिकडे लावा. प्रवाहाच्या काट्यावर दोन. थोरला करत गेला. थोड्या वेळाने बाई म्हणाली, अठ्ठ्याऐंशी. मग, नव्वद. मग मुलगा म्हणाला, आता मशीन. मागे भिंत किंवा पडदा चिकटलाय का? चिकटला होता, त्याने मशीन पुढे ओढलं. पाहुणे येतात तेव्हा आवाज नको म्हणून बाईने ते चार दिवसांपूर्वी कोपऱ्यात सरकवलं होतं. मागची जाळी काढा, आत स्पंज असेल. स्पंज ओला होता, सकाळी धुऊन तिने तसाच बसवला होता. पिळा, टॉवेलात दाबा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. दुसरा सुटा असेल तर तो लावा. दुसरा होता. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात का? येत नव्हते. झाकण काढून परत बसवा, आटे तिरके गेले असतील, जोर लावू नका, आधी उलटं फिरवा, टक् करून बसल्यासारखं वाटेल तिथून पुढे फिरवा. थोरल्याने उलटं फिरवलं. बोटांना ती बारीकशी टक् जाणवली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कळलं की दोन डोकी एकमेकांना लावून फरशीवर बसलेले ते दोघं काय ऐकत असायचे. बाटलीत बुडबुडे उठले. दिवा आणखी काही मिनिटं पिवळा राहिला, मग हिरवा झाला.

"झालं," तो फोनवर म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत आकडा बघायला सांगा. खाली गेला तर घरी थांबू नका म्हणावं, सरळ इस्पितळात." मग मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही केलंत हे?"

"नंतर बोलतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

नळी परत मशीनला जोडली. ब्याण्णव. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पदराने टिपलं, आणि चहा करते म्हणून आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागल्यावर खाटेवरचा माणूस पहिल्यांदा बोलला. आवाज कागद फाटल्यासारखा होता.

"तुमच्या दोन्ही हातांना पाच-पाच बोटं आहेत."

थोरला स्टुलावर बसला.

"मी चाळीस दिवस ते हातच बघत होतो," तो माणूस श्वास घेत म्हणाला. "मान वळवता यायची नाही. जे समोर येईल ते बघायचं. तुम्ही दारातून आलात तेव्हाच कळलं. म्हटलं, आधी बघू काय करतात. ते कुठे आहेत?"

"गेला," थोरला म्हणाला. "तेवीस दिवस झाले. झोपेतच. मी मोठा भाऊ."

त्या माणसाने डोळे मिटून घेतले. मशीन एका लयीत गुरगुरत राहिलं. मग मध्ये मध्ये थांबत, श्वास गोळा करत त्याने जे सांगितलं ते असं, की घशात नळी असताना त्याच्याशी कोणी बोलत नसे. डॉक्टर त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. इंजिनियर मात्र यंत्र तपासता तपासता बोलायचा, आणि काम झाल्यावरही बसून बोलायचा. घरचंच सगळं. बायको स्वयंपाक करताना बेसूर गाते ते. थोरली मुलगी हट्टी, धाकटी हळवी. आणि मुलगा. मुलाबद्दल सर्वांत जास्त. दर रविवारी जवळ असायचा, हाताने हुशार, माझ्याहून बरा निघाला, परगावी असतो पण आठवड्यातून दोनदा फोन केल्याशिवाय राहत नाही. "मुलाचं नाव निघालं की त्यांचे हात थांबायचे," तो माणूस म्हणाला. "आता फोनवर तोच होता ना?"

धाकट्याला दोन मुलीच होत्या.

थोरल्याने विचारलं, आणि विचारताना आपण किती केविलवाणे दिसत असू हे कळत असूनही विचारलं, "भावाबद्दल काही बोलायचा?"

त्या माणसाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "भाऊ आहे हे मला आजच कळलं."

आतून पेल्यांची किणकिण येत होती. थोरल्याच्या छातीत आधी जे उठलं तो शुद्ध संताप होता. चोर! शेवटी चोरच. फरशीवरचे ठसे नेले, बायकोचे शेवटचे दोन शब्द नेले, ते काय कमी होतं म्हणून पोरगाही नेला, स्वतःच्या नावावर लावून टाकला, आणि ज्याचा नेला त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. मग त्या संतापाच्या पोटातून एक दुसरीच गोष्ट वर आली, आणि तिला तो आनंद म्हणायला लाजत होता. सापडली. इतकी वर्षं ओळीमागून ओळी वाचून जी सापडली नव्हती ती चूक सापडली. साडेसहाला किल्ली फिरवणारा, कॉलरींना इस्त्री करणारा, सासूचा जावई, मुलींचा बाप, तोही भुकेला होता. त्यालाही दुसऱ्याच्या ताटातलं हवं होतं. ते त्याने कोणाजवळ बोलून दाखवलं? घशात नळी असलेल्या माणसाजवळ, जो उलटून बोलू शकणार नव्हता, विचारू शकणार नव्हता, कोणाला सांगू शकणार नव्हता. थोरल्याच्या डोळ्यांसमोर तो दिसला, स्टुलावर बसलेला, मास्क लावलेला, तीन बोटांचा हात यंत्रावर ठेवून हलक्या आवाजात खोटं बोलणारा. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा थोरल्याला तो स्वतःच्या मापाचा वाटला. मग आनंदही टिकला नाही. कारण हाच माणूस एकदा बसमध्ये रडत म्हणाला होता, दादा, मी नाही जात. तेव्हा नको होतं ते त्याला मिळालं, आणि हवं होतं ते दर रविवारी संध्याकाळी दारात येऊन थोरला हाक मारून घरी घेऊन गेला. घेऊन जाताना थोरल्याने कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

"तिला तुम्हीच सांगा," खाटेवरचा माणूस म्हणाला. "मी नाही सांगणार. पण सांगा. ती पुढच्या वेळी त्यांच्याच नावाने धावत सुटेल."

चहा पिऊन झाला. बाई सोडायला जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, साहेब, तुमचा नंबर तेवढा द्या. तेव्हा त्याने सांगितलं. मी तो नव्हे. तो माझा धाकटा भाऊ, मागच्या महिन्यात गेला. दुकानात सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, माझी चूक. तो तयारीत होता की ती ओरडेल, निदान रागाने बघेल. तिने कठड्याला हात लावला आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसली. थोडा वेळ तोंडावर हात धरून रडली. थोरला उभा राहून ते रडणं बघत होता आणि, काय सांगावं, तेवढ्यातही त्याच्या आत एक बारीकशी कळ उठलीच, की आपल्यासाठी अशी अनोळखी जिन्यात कोण बसेल. मग तिने डोळे पुसले. ती त्याच्याबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारलं, "आणि त्यांचा मुलगा? हे फार सांगायचे त्याच्याबद्दल. मघाशी फोनवर तोच होता ना? पोर सावरलं का?"

आता वाक्य तयार होतं. पंचावन्न वर्षं तयार होतं, फक्त नाव बदलायचं होतं. तो माझा मुलगा. त्याचा नव्हे. एवढीच दुरुस्ती, आणि ती खरी होती.

"सावरतोय," थोरला म्हणाला.

तिने मान हलवली. म्हणाली, त्याला सांभाळा, बाप गेल्यावर मुलगे बोलत नाहीत. कागदाच्या चिठोऱ्यावर त्याने मुलाचा नंबर लिहून दिला, मशीनचं काही झालं तर याला विचारा म्हणून, आणि जिना उतरला.

रस्त्यावर ऊन तिरपं झालं होतं. शाळा सुटली होती, दप्तरांचा लोंढा पदपथावरून वाहत होता, आणि त्यातून वाट काढता येईना म्हणून तो एका बंद दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिला. पोर सावरलं का. ते त्याने विचारलंच नव्हतं. काकाला पोहोचवायला आलेला चाळीस वर्षांचा मुलगा भिंतीला डोकं लावून हमसून रडला होता, लोक बघत होते, आणि बाप दहा पावलांवर उभा राहून मनात मोजत होता, माझ्या वेळी एवढा रडेल का हा? दुसऱ्या दिवशी मुलगा परत गेला. जाताना येतो म्हणाला. बाप बरं म्हणाला. त्यावर बावीस दिवस.

फोन वाजला. मुलगाच होता.

"आकडा किती आहे आता?"

"ब्याण्णव. हिरवा दिवा."

"बरं झालं. स्पंजचं सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं," थोरला म्हणाला. मग घसा खाकरून तो म्हणाला, "तू कसा आहेस रे?"

"मी? मी ठीक आहे. का?"

"नाही, विचारलं. तुझा काका गेला. कोणी विचारलं नसेल तुला."

पलीकडून काही आलं नाही. थोरल्याला वाटलं फोन कटला, म्हणून त्याने तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. परत कानाला लावला तेव्हा मुलगा रडत होता. लहानपणी रडायचा तसा नाही, पुरुष रडतात तसा, नाक ओढत, मध्येच श्वास धरून. हे रडणं त्याच्यासाठी नव्हतं, ते दुसऱ्यासाठी होतं, आणि ते ऐकताना अजूनही दुखत होतं, जिथे नेहमी दुखायचं तिथेच. समोरून मुलं ओरडत चालली होती, काही नीट ऐकू येत नव्हतं. त्याने दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि पायरीवर बसून घेतलं.

"रड," तो म्हणाला. "मी आहे फोनवर."